भाऊसाहेबांचा तोतया आणि आत्याचा टेलिफोन

रत्नागिरीच्या किल्ल्यावर भगवतीच्या देवळापाशी उभे राहिले, की तिन्ही बाजूंनी समुद्र दिसतो. आमच्या शाळेची सहल दर वर्षी तेथे जाते. मुलांना थिबा राजाची गोष्ट ठाऊक असते. ब्रह्मदेशाच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले आणि १९१६ साली तो येथेच वारला, हे मुले मला न विचारताच सांगून टाकतात. मग मी त्यांना विचारतो, “आणि थिबाच्या आधी शंभर वर्षांपूर्वी या किल्ल्यात कोण कैदेत होते?” मुले गप्प बसतात. तो कैदी राजा नव्हता, सरदारही नव्हता. तो दुसऱ्याचे नाव चोरून बसलेला एक साधा माणूस होता. आणि त्या चोरलेल्या नावाच्या बळावर त्याने एका वर्षात अर्धे कोकण हलवून सोडले.

ही गोष्ट मी मुलांना पुष्कळ वेळा सांगितली आहे. पण ती मला स्वतःला नीट समजली, ती गेल्या पावसाळ्यात, आमच्या आत्याच्या घरी ओसरीवर बसलो असताना.

आत्या सत्तरीची. नवरा लवकर गेला. आंबा आणि काजू यांच्या उत्पन्नावर तिने एकुलता मुलगा शिकवला. तो आता पुण्यास नोकरीला असतो. त्याने आईला चांगलासा टेलिफोन घेऊन दिला, पैसे कसे पाठवावयाचे आणि कसे घ्यावयाचे तेही शिकवले. एके दिवशी दुपारी आत्याला टेलिफोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, “आम्ही पोलीस ठाण्यातून बोलतो आहोत. तुमच्या मुलाच्या नावाने आलेल्या पार्सलात गांजा सापडला आहे. तो आमच्यापुढे बसला आहे, बोला त्याच्याशी.” आणि मग रडवेला आवाज आला, “आई, मला सोडव.” एवढे एकच वाक्य. नंतर पुन्हा पहिला माणूस: प्रकरण मिटवावयाचे असेल तर आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा, टेलिफोन बंद करू नका, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलेत तर मुलाचे नाव वर्तमानपत्रात येईल.

आत्याने तीन वेळा मिळून साठ हजार रुपये पाठवले. संध्याकाळी मुलाचा नेहमीप्रमाणे टेलिफोन आला, “आई, जेवलीस का?” तेव्हा सगळा उलगडा झाला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि मास्तरकीच्या सवयीने तिला बोललो. “आत्या, तू एवढी व्यवहारी बाई. काजूच्या दलालाला एका पैशाने फसू दिले नाहीस, आणि एका टेलिफोनला फसलीस?” आत्या सूप बाजूला ठेवून म्हणाली, “अरे, आवाज त्याचाच होता रे. आणि समज, तो खराच असता आणि मी पैसे पाठवले नसते, तर आज तू मला काय म्हणाला असतास?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी परतताना एस.टी.च्या खिडकीतून खाडी पाहत होतो आणि मला एकाएकी पार्वतीबाई आठवल्या.

१४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर जे झाले, ते मराठी माणसाला सांगावयास नको. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर आपल्या माणसांपैकी कोणालाही ते दिसले नाहीत. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेतच सावकारी भाषेतले ते प्रसिद्ध पत्र मिळाले. दोन मोती गळाल्याची आणि मोहरा हरवल्याची ती वार्ता होती. पण मोती गळाले म्हणजे नेमके काय झाले, हे कोणी डोळ्यांनी पाहिले होते?

अयोध्येच्या नवाबाच्या पदरी काशीराज नावाचा एक दक्षिणी पंडित होता. त्याने या लढाईची हकीकत लिहून ठेवली आहे. रणांगणावर एक धड सापडले. त्याला शिर नव्हते. मग ओळखावयाचे कशावरून? शरीरावरच्या खुणांवरून. १७५९ साली भाऊसाहेबांवर मारेकरी घातला गेला होता. त्या वेळच्या जखमेचा व्रण पाठीवर होता. अशा आणखी एकदोन खुणा पटल्या. पुढे शिरही सापडले आणि नवाबाच्या खटपटीने अग्निसंस्कार झाले, असे काशीराज सांगतो. पण ही सारी ओळख परक्यांच्या छावणीत, पुण्यापासून कित्येक मजलांवर झाली. पुण्याच्या माणसांच्या हाती काय आले? निरोप, तर्क आणि अफवा.

पार्वतीबाई म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. त्या स्वतः त्या रणांगणावर होत्या. जानू भिंताडा नावाच्या इमानी शिपायाने त्यांना त्या कल्लोळातून बाहेर काढले, असे सांगतात. त्या परत आल्या, पण पती गेले हे त्यांनी मानले नाही. कुंकू पुसले नाही, सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. १७८३ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे बावीस वर्षे त्या बाईने दाराकडे कान लावून काढली.

ज्या घरात असे कोणी दाराकडे कान लावून बसलेले असते, त्या दाराशी तोतया येतोच. पानिपतानंतर जनकोजी शिंद्यांचाही एक तोतया निघाला. पण सर्वांत गाजला तो भाऊसाहेबांचा.

त्याचे खरे नाव सुखनिधान. बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण. चेहरामोहरा भाऊसाहेबांशी जुळता होता असे म्हणतात. आपण सदाशिवरावभाऊ आहोत, रणातून जखमी होऊन निसटलो, असे तो सांगू लागला आणि त्याच्याभोवती माणसे जमू लागली. १७६५ च्या सुमारास त्याला पुण्यास आणले गेले. थोरले माधवराव तेव्हा विशीत होते. पुतण्याने काकासाठी व्याकूळ व्हावे हे स्वाभाविक. पण माधवरावांनी चौकशी बसवली. भाऊसाहेबांना जवळून ओळखणाऱ्या माणसांपुढे त्याला उभे केले. चेहरा शिकता येतो, चाल शिकता येते. पण माणसाने आपल्या माणसांत घालवलेले आयुष्य शिकता येत नाही. तेथे तो अडखळला आणि आपण सुखनिधान असल्याचे त्याने कबूल केले. माधवरावांनी त्याचा जीव घेतला नाही. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात असे करीत शेवटी त्याला रत्नागिरीला ठेवण्यात आले.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण चोरलेले नाव असे कैदेत मरत नाही. ते पडून राहते आणि आपल्याला सोडवणाऱ्याची वाट पाहते.

१७७२ साली माधवराव गेले. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पुण्याचा कारभार बारभाईंच्या हाती आणि धनी कोण, तर १७७४ साली जन्मलेले एक बालक. इंग्रज साष्टी गिळून बसलेले. १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला खरा, पण मने शांत झाली नव्हती. अशा वेळी लोकांना काय हवे असते? एखादा कर्ता पुरुष हवा असतो. पानिपतावर हरवलेले भाऊसाहेब परत आले तर सगळे ठीक होईल, ही आशा घरोघर होतीच.

ती आशा रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने ओळखली. ज्याच्या हाती कैदी राखावयास दिला होता, त्यानेच कैद्याला भाऊसाहेब म्हणून बाहेर काढले. त्याला खरोखरच तसे वाटले की त्यात त्याचा स्वार्थ होता, हे त्याच्या मनाला ठाऊक. परिणाम मात्र एकच झाला. अंमलदाराने मुजरा केला म्हणून शिपायांनी केला. शिपायांनी केला म्हणून गावांनी केला. हजारो माणसे जमली. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले. तोतया बोरघाटापर्यंत येऊन भिडला, राजमाचीपर्यंत त्याचा अंमल बसला. पुण्याच्या दरबाराला महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना फौजेनिशी पाठवावे लागले. त्यांनी त्याचा मोड केला. तोतया समुद्राकडे पळाला. मुंबईला इंग्रजांपाशी पोहोचावे असा त्याचा बेत होता. पण कुलाब्याच्या राघोजी आंग्ऱ्यांनी त्याला पकडून पुण्याच्या स्वाधीन केले.

आता जे झाले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पकडल्याबरोबर त्याला गुपचूप संपवता आले असते. तसे केले असते, तर खरे भाऊसाहेबच मारले असे लोक पिढ्यान् पिढ्या म्हणत राहिले असते. म्हणून चौकशी झाली आणि ती उघड झाली. चौकशी करणाऱ्यांत रामशास्त्री प्रभुण्यांसारखा माणूस होता. ज्या रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, तेच हे. भाऊसाहेबांना ओळखणारे जे जे हयात होते, त्यांना विचारण्यात आले. नाव खोटे ठरले आणि १७७६ च्या डिसेंबरात सुखनिधानाला देहान्त शिक्षा झाली.

या साऱ्या कारभाराच्या मागे नाना फडणीस होते. नाना स्वतः पानिपताहून जिवानिशी परतलेले. त्या पळापळीत त्यांची आई त्यांना अंतरली; ते दुःख त्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. म्हणजे, गेलेले माणूस दारात येऊन उभे राहावे, असे त्यांनाही वाटत नसेल काय? पण आशा मनात ठेवून त्यांनी पुरावा मागितला. शहाणपण म्हणतात ते याला. आशा सोडणे हे शहाणपण नव्हे. ती पार्वतीबाईंनी सोडली नाही आणि त्याबद्दल त्यांना कोणी वेडे म्हणू नये.

एस.टी.त बसल्या बसल्या मला हे जाणवले, आणि आत्याला आपण काय बोलून बसलो याची लाज वाटली. तोतयाला मानणारी हजारो माणसे मूर्ख नव्हती. त्यांच्या मनात एक रिकामी जागा होती, आणि तोतयाने ती आधी हेरली होती. आत्याच्या मनातही पुण्याला असलेल्या मुलाची काळजी चोवीस तास जागी असते. चोर त्याच वाटेने आत शिरला. फसवणारा आपल्या अज्ञानावर जेवढा जगतो, त्याहून अधिक तो आपल्या मायेवर, भीतीवर आणि क्वचित लोभावर जगतो. म्हणून शिकलेसवरलेले, मोठ्या हुद्द्यांवरचे लोकही फसतात, आणि लाजेने कोणाला सांगत नाहीत.

सुखनिधानाला लागले ते सारे आजच्या तोतयाला अधिक सुलभ झाले आहे. त्याला चेहरा जुळवावा लागत नाही. व्हॉट्सॲपवर आपल्या भाच्याचे छायाचित्र लावले की तो भाचा झाला. आवाजही आता यंत्राने उठवता येतो. एखाद्या लग्नाच्या व्हिडिओतले चार शब्द त्याला पुरतात. टेलिफोनवर दिसणारा नंबरसुद्धा खोटा असू शकतो. घरची माहिती देणारे लोक त्याला शोधावे लागत नाहीत. ती आपणच देतो. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची एक प्रत राहून जाते, बक्षिसाच्या लोभाने एखादा फॉर्म भरला जातो, गावाला निघाल्याची बातमी फेसबुकवर टाकली जाते. ही माहिती कोठेतरी पडून राहते, जसा सुखनिधान रत्नागिरीला अकरा वर्षांपूर्वी उघडे पडलेले आपले सोंग घेऊन पडून होता. आणि मग एक दिवस कोणीतरी परांजपे तिला बाहेर काढतो.

मग करावयाचे काय? आपल्या पूर्वजांना हा प्रश्न नवा नव्हता. रावण साधूच्या वेषात आला आणि सीतेने भिक्षा घातली. तोच धडा घेऊन अशोकवनात तिने मारुतीवरही चटकन विश्वास ठेवला नाही. हाही रावणाचाच वेष असेल असे तिला वाटले. मारुतीने खुणेची अंगठी दिली तेव्हा तिचे मन निवले. एकदा फसलेल्या बाईने दुसऱ्यांदा खूण मागितली, यात केवढे शहाणपण आहे!

शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, आणि मजकूर संपला की शेवटी आणखी एक लहान शिक्का असे. त्या शिक्क्याखाली कोणी एक ओळ वाढवली, तर ती खोटी हे शेंबड्या पोरालाही कळावे. पेशव्यांच्या काळीही पत्राच्या शेवटी लेखनसीमेचा शिक्का उमटवीत. सावकारांची रीत त्याहून पक्की. शाहजोग हुंडी घेऊन कोणीही पेढीवर आला, तरी पैसे मिळत ते बाजारात पत असलेल्या ओळखीच्या शाहाच्या हातीच. कागद खरा असला तरी माणूस खरा पाहिजे, आणि माणूस खरा की नाही हे त्याने स्वतः सांगून चालत नाही. ते दुसऱ्या कोणी सांगावे लागते.

हाच तो कळीचा मुद्दा. जो दाराशी आला आहे, त्यालाच “तू खरा का?” असे विचारून उपयोग नाही. खात्री दुसऱ्या वाटेने करावी. मुलगा संकटात आहे असे सांगणारा टेलिफोन आला, तर तो ठेवून द्यावा आणि मुलाच्या आपल्याजवळ असलेल्या नंबरावर आपण टेलिफोन करावा. बँकेतून बोलतो म्हणाला, तर पासबुकावरचा नंबर पाहून आपण बँकेत विचारावे. लिंक पाठवली, तर ती दाबू नये. पैसे येणार असतील तर आपला गुप्त पिन घालावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो. आणि टेलिफोनवर आलेला ओटीपी सख्ख्या भावानेही मागितला तरी सांगावयाचा नसतो. राहिली पोलिसांची भीती. टेलिफोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची रीत आपल्या देशाच्या कायद्यात कोठेही नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्दच चोरांनी काढलेला आहे.

आणखी एक खूण, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. आत्याला पहिली आज्ञा काय झाली? “कोणाला सांगू नका.” दुसरी कोणती? “आत्ताच्या आत्ता.” बारभाईंनी याच्या नेमके उलट केले. त्यांनी चारचौघांना बोलावले आणि चौकशीला वेळ घेतला. तोतयाला मानणारे हवे असतात, विचारणारे नको असतात. म्हणून जो कोणी एकाच श्वासात घाई करतो आणि गुप्तता मागतो, तो पोलीस असो, बँकवाला असो की मुलाचा आवाज असो, त्याला तोतया समजावे आणि शेजारणीला हाक मारावी. शेजारीण काही रामशास्त्री नसते. पण ती घाबरलेली नसते, आणि एवढे पुरते.

आत्याचे पैसे परत मिळाले नाहीत. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा सरकारी नंबर आहे, हे तिलाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. पैसे जाताच त्यावर कळवले, तर ते पुढे पळण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही कळवले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. लाज आडवी आली. घरातील कोणी फसले, तर त्याला आधी रागावू नये. आधी टेलिफोन लावावा. मी रागावलो, तो वेळ फुकट गेला, हे येथे कबूल करतो.

गणपतीला मुलगा गावी आला, तेव्हा मायलेकरांनी एक ठरवून टाकले. घरातली एक जुनी गोष्ट, कोणत्याही कागदावर नाही, कोणत्याही छायाचित्रात नाही, अशी. अडीअडचणीचा टेलिफोन आला, की आत्या आधी ती विचारणार. सांगता आली तर पुढचे बोलणे. पेशव्यांच्या चौकशीची ही आमच्या ओसरीवरची आवृत्ती! माझी वाचकांनाही विनंती आहे. या दिवाळीत फराळाला सगळी मंडळी एकत्र बसतील, आजीपासून नातवंडांपर्यंत. चकली मोडता मोडता आपल्याही घराची एक खूण ठरवून ठेवा. मुलांना ही गंमत वाटेल, आणि म्हातारीला मोठा आधार होईल.

आत्याची खूण कोणती, ते मी येथे लिहिणार नाही हे उघडच आहे. लिहावयाचे म्हटले तरी लिहिता यावयाचे नाही. मी विचारले होते, आत्या हसून म्हणाली, “तू कथाकादंबऱ्या लिहिणारा माणूस. तुला कशाला सांगू?”